चर्चच्या कौलारू छपराला पीव्हीसी पन्हळ: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पन्हळ चांगली आहे, तिच्या तोंडावरची जाळीची टोपी नालायक आहे. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. बाकीचं धर्मग्राम परिषदेत (चर्चच्या कारभारी मंडळात) देखभालीचा हिशोब ज्यांच्या गळ्यात पडतो त्यांच्यासाठी.

वसई पट्ट्यातलं जुनं चर्च. चुन्यातल्या दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, वळचण जमिनीपासून साधारण 7 मीटरवर. खाऱ्या हवेने पत्र्याच्या जुन्या पन्हळीची जाळी झाली होती, म्हणून दोन्ही पाखांना 170 मिलिमीटरची अर्धगोल पीव्हीसी पन्हळ आणि 110 चे उभे पाइप लावले. जूनअखेरचं मत पाचपैकी साडेचार होतं: गंज नाही, आवाज कमी, रंग भिंतीला शोभणारा. जुलैत साक्रिस्तीच्या, म्हणजे धर्मगुरूंचे झगे आणि पूजेचं सामान ठेवायच्या खोलीच्या, भिंतीवर आतून ओल उतरली आणि मत दोनवर आलं.

कारण ती टोपी. पाणी जिथून उभ्या पाइपात उतरतं त्या भोकावर बसवायची ही घुमटाकार जाळी. कॅटलॉगमध्ये तिचं नाव ‘लीफ गार्ड’. अख्ख्या सामानातली सर्वात स्वस्त वस्तू. आंब्याचं, फणसाचं पान ती अडवते, मान्य. पण आपल्या चर्चच्या आवारात हमखास असतो तो गुलमोहर, नाहीतर पर्जन्यवृक्ष. त्याची मधली शीर जाळीवर आडवी पडते, तिच्यावर बारीक पानं थर धरतात, त्यात कौलांवरचं शेवाळ येतं, आणि गाळणीत चहाचा चोथा बसावा तसा गच्च लगदा बसतो. एका जोरदार सरीत भोक बंद. झाडाखालच्या तोंडाला ही टोपी आठवड्याला साफ करावी लागते. भर पावसात, 7 मीटरवर, ओल्या शिडीवरून. हे कोण करणार? साफसफाई जमिनीवरून जमणार नसेल तर ती वस्तू चर्चच्या कामाची नाही. घराच्या पडवीला चालेल.

तुंबलं तर पाणी किती असतं बघा. 30 मीटर लांब छपराचं एक पाख आडव्या मापाने 7 मीटर रुंद धरलं तर 210 चौरस मीटर झालं. तासाला 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे 21,000 लिटर, मिनिटाला 350. दोन उभे पाइप असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला 175 लिटर, तीन असतील तर 117. एक तोंड बुजलं की त्याचं पाणी शेजारच्यावर जातं आणि पन्हळ काठावरून वाहते. दिवसभराच्या पावसाचा आकडा इथे उपयोगाचा नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, त्याचीही तासाची सरासरी 40 च्या आत येते. पन्हळ तुंबते ती एखाद्या तासाच्या झोडपण्याने. त्यामुळे 30 मीटरच्या पाखाला तीन पाइप घ्याच. दोनांत भागतं असं विक्रेता सांगेल, कोरड्या कागदावर भागतंही.

वाहून जायचंच असेल तर पाणी कुठल्या काठावरून जातं ते महत्त्वाचं. पन्हळीचा बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा 10 ते 15 मिलिमीटर खाली हवा, म्हणजे पाणी अंगणात पडतं. दिसायला सरळ रेषा यावी म्हणून बसवणारे दोन्ही काठ समान ठेवतात, कधी बाहेरचाच वर. मग पन्हळ जिला ठोकलेली असते त्या फळीमागे पाणी शिरतं, वाशांची टोकं भिजतात, भिंतीच्या माथ्यावरचं लाकूड कुजतं, आणि तिथून दगडांच्या मधल्या भरावात उतरतं. डाग दिसतो तो दोन-तीन मीटर खाली, आतल्या बाजूला. लोक खिडकीला दोष देतात आणि वरून सिमेंटचं प्लास्टर मारतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट किंवा रबरासारखा ॲक्रिलिक रंग चढवला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोणा लागून पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा काढून दगड उघडा ठेवणं तर त्याहून वाईट. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला जांभा थेट पावसात आहे. असो, पन्हळीकडे येतो.

विक्रेत्याचं उत्तर: वॉरंटी मालाची आहे, बसवणीची नाही, आणि टोपी ‘ॲक्सेसरी’मध्ये येते. टोपी बिलात वेगळ्या ओळीवर लावायची आणि तक्रारीच्या वेळी मोजायची नाही, हा कुठला हिशोब? पैसा रविवारच्या वर्गणीतून आलेला आहे.

उपाय मात्र निघाला, म्हणून मत पुन्हा बदलतो. वरच्या टोप्या काढून टाकल्या आणि जाळी खाली आणली. 110 चा पाइप वरून खालपर्यंत सरळ, शक्य तिथे एकही एल्बो (वळणाचा जोड) नाही. वळचण भिंतीपुढे असेल तिथे 90 अंशांऐवजी 45 चे दोन. पाइपाचं खालचं तोंड जमिनीतल्या चेंबरच्या (छोट्या हौदाच्या) वर 15 सेंटिमीटर उघडं. चेंबर दीड फूट बाय दीड फूट, त्यावर उचलता येणारी लोखंडी जाळी. पानं तिच्यावर साचतात, झाडलोट करणारा माणूस खराट्याने ओढून काढतो. चेंबरमधून 160 चा पाइप जोत्यापासून किमान 2 मीटर लांब न्यायचा. दफनभूमीकडे उतार असेल तर तिकडे सोडू नका, थडग्यांखालची माती खचते. बारीक पानं सरळ पाइपात अडकत नाहीत, एल्बोत अडकतात. हे नीट केलं तर वरची जाळी लागतच नाही. मग कंपन्या ती विकतात कशाला?

आता बसवणी. ब्रॅकेट 60 सेंटिमीटरवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटरच्या आत आणखी एकेक. मीटरभर अंतर ठेवून ठेकेदार ब्रॅकेट वाचवतो, पण काठोकाठ भरलेल्या पन्हळीत मीटरमागे 11 किलोंच्या वर पाणी असतं. ती मध्ये झुकते, उतार जातो, आणि नोव्हेंबरपर्यंत डास. उतार 300 ला 1, म्हणजे दोन पाइपांमधल्या 10 मीटरच्या टप्प्यात उंचवटा मध्यावर ठेवून दोन्हीकडे सुमारे पावणेदोन सेंटिमीटर. दोरी आणि पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने तपासा, डोळ्याने नको, कारण जुन्या चर्चची वळचण स्वतःच सरळ नसते. कौलाचं टोक पन्हळीत 5 सेंटिमीटर यावं. जास्त आलं तर जोराचं पाणी पन्हळ ओलांडून जातं.

स्क्रू पाकिटातले वापरू नका. ते जस्ताच्या मुलाम्याचे असतात, समुद्राकाठी एका पावसाळ्यात लाल होतात. स्टेनलेस स्टीलचे 316 ग्रेडचे मागा, 304 ग्रेडवरही डाग येतात. ब्रॅकेट सागवानी फळीत, रिपांत नाही.

जोडांवर सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) लावू देऊ नका. रबरी गास्केटचा जोड सरकण्यासाठीच असतो. 3 मीटरचा तुकडा 35 अंशांच्या फरकाला सुमारे 6 मिलिमीटर लांबी बदलतो, 30 मीटरमध्ये 6 सेंटिमीटर. चिकटवला तर एप्रिलच्या उन्हात कुठेतरी तडकणार, बहुधा कोपऱ्यात. उभा पाइप भिंतीपासून 3 सेंटिमीटर सुटा ठेवा, म्हणजे गळला तर दिसतो. मनोऱ्यावरून येणारी, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारी वीजवाहक पट्टी पन्हळीच्या ब्रॅकेटला अडकवायची नाही, तिला स्वतःचे क्लँप हवेत. शिडी पन्हळीला टेकवायची नाही, पीव्हीसी दबतं. शिडीला पुढे आडवा टेकू बांधून ती भिंतीला टेकवा.

परांची उतरवण्याआधी पाण्याची चाचणी घ्या. टँकरचा पाइप आढ्याजवळ धरून कौलांवरून पाणी सोडा, एक तोंड कापडाने बंद करा आणि पाणी कुठल्या काठावरून पडतं ते बघा. अंगणात पडलं तरच शेवटचा हप्ता द्या.

आजचं मत पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण स्क्रूंसाठी कापला, पूर्ण एक टोपीसाठी. पन्हळ घ्यायची असेल तर मार्चमध्ये ऑर्डर द्या. ईस्टरनंतर लग्नं सुरू होतात, चर्चला परांची लावायला मोकळे दिवस मिळत नाहीत, आणि मेच्या शेवटी ठेकेदार फोन उचलत नाही. कोटेशनमध्ये टोपीची ओळ दिसली तर खोडा, तेवढ्या पैशात चेंबरच्या जाळीला रंगाचा एक हात होतो.