बुडालेल्या जहाजात शिरताना: दोरी की पाठ केलेली वाट?

बुडालेल्या जहाजाच्या पोटातून परत यायला दोनच आधार असतात: बाहेरून बांधत नेलेली रीलची दोरी, नाहीतर डोक्यात बसलेला नकाशा. दुसऱ्या पद्धतीत डायव्हर दर खेपेला थोडा पुढे जातो आणि खोली-खोली करत जहाज पाठ करतो.

पाठ करणाऱ्यांचा दोरीवरचा आक्षेप खोटा नाही. गंजलेल्या पत्र्याच्या कडेवर दोरी कापली जाते. ढिली पडली तर फिनमध्ये, म्हणजे पायातल्या पोहण्याच्या पंखांत, अडकते. वळणावर नीट बांधली नसेल तर सरकून अशा फटीत जाते, जिथून माणूस जाऊ शकत नाही. पोटऱ्यांना दोरीचा वेढा बसला की ती सोडवण्यात हवा जाते.

पण पाठ केलेली वाट डोळ्यांवर चालते, आणि आत आधी डोळेच निकामी होतात. फिनच्या एका फटक्याने तळाचा गाळ उठतो. तुम्ही सोडलेले बुडबुडे छताला लागून गंज खाली पाडतात, म्हणजे जाताना स्वच्छ दिसलेली खोली परतताना गढूळ असू शकते. टॉर्च नाकासमोर धरला तरी नुसती तपकिरी भिंत दिसते. जहाजही तसंच राहत नाही, भिंती कोसळतात. १९५६ साली बुडालेलं आंद्रिया डोरिया हे प्रवासी जहाज उजव्या कुशीवर पडलं. अशा जहाजात जमिनीची भिंत होते आणि दार पायाखाली येतं.

दोरीचे दोष मात्र हाताने टाळता येतात. पहिली गाठ बाहेर मोकळ्या पाण्यात, दुसरी दाराच्या थोडं आत, पुढे प्रत्येक वळणावर वेढा, आणि दोरी कायम ताणलेली. नायलॉनची घ्या, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. गंजक्या लोखंडाशी गाठ असल्याने पाण्याखालच्या गुहांत वापरतात त्या बारीक दोरीपेक्षा जाड बरी. अडकलेली दोरी कापायला दोन कटर हवेतच, आणि दोन्ही हातांना सापडतील असे. हवेचा हिशोब दोन्हीकडे सारखाच: एक तृतीयांश जाताना, एक येताना, एक राखीव. फरक इतकाच की दोरी नसेल तर राखीव हवा वाट शोधण्यातच संपते.

आरपार उघड्या खोलीत, जिथून बाहेरचा उजेड सतत दिसतो, तिथे दोरीवाचून चालेल. त्यापुढे माझं मत पक्कं आहे: दोरी लावा, आणि जहाज पाठ करायचं असेल तर तेही दोरी धरूनच करा. आधी जमिनीवर खुर्च्यांना दोरी बांधून, डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात ती सैल धरून परत यायचा सराव करा. कडं गाठीशी अडलं की दोरी न सोडता दुसरा हात पलीकडे न्यायचा, आणि मगच पहिला उचलायचा.