वागळे इस्टेटच्या बंद वर्कशॉपमधलं प्रदर्शन

माझे वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, कामाला होते. तिथल्याच एका बंद वर्कशॉपमध्ये कलाप्रदर्शन लागलंय कळल्यावर रविवारी आईला घेऊन गेले. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच इस्टेटीपासून झाली.

आत शिरताच ग्रीसचा वास आला. तो कुणी मुद्दाम आणलेला नाही, जमिनीतच मुरलाय. मधोमध, जिथून लेथ उचलून नेलं, तिथे फाउंडेशनचे चार बोल्ट अजून वर आलेले आहेत. कलाकार मुलीने त्या चौकोनात लोखंडाचा कीस अंथरलाय, निळसर, स्प्रिंगसारखा वळलेला. पत्र्याच्या भोकातून येणारं ऊन सरकतं तसं एकेक वेटोळं चमकत जातं. आई तिथून हलेना. "ह्यांच्या खिशात असायचा हा. कपडे धुताना बोटाला लागायचा," एवढंच म्हणाली. हाच कीस गॅलरीच्या पांढऱ्या भिंतींत ठेवला असता तर नुसतं भंगार दिसलं असतं. त्याला अर्थ येतो तो या जागेमुळे. २०१७ साली मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदरातल्या कलाप्रदर्शनात मासळीच्या वासाने हेच केलं होतं.

माहितीचे फलक मात्र फक्त इंग्रजीत. ज्या कामगारांची ही जागा, त्यांनाच ते वाचता येऊ नयेत, हे मला फार लागलं. माळ्यावर जायला अरुंद लोखंडी जिना आहे, त्यामुळे वरचा व्हिडिओ आईचा बघायचा राहिलाच.

प्रवेश मोफत. दुपारी तीननंतर जा, तेव्हा ऊन बरोबर किसावर येतं. संध्याकाळी ट्यूबलाइट लावतात, सगळी जादू जाते.