इमॅजिका, व्हीलचेअर आणि भाड्याची गाडी: ड्रायव्हरसकट इनोव्हा की आपण चालवायची अर्टिगा?

कोल्हापुरातून खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क म्हणजे जाताना जवळजवळ ३०० किलोमीटर आणि येताना तेवढेच. पुण्याची माणसं सकाळी पोहे खाऊन निघतात आणि रात्री जेवायला घरी असतात. आपल्याला जायचा एक, पार्कचा एक आणि परतीचा एक असे तीन दिवस धरावेच लागतात. सोबत व्हीलचेअर वापरणारं माणूस असेल तर या सहलीतला सगळ्यात मोठा निर्णय गाडीचा. हॉटेल, जेवण, तिकिटं नंतरही जमवता येतात.

आमच्याकडे व्हीलचेअर थोरल्या भावाची. कमरेखाली ताकद नाही, पण हात दणकट आहेत. आम्ही खुर्ची घट्ट धरली की तो स्वतःच सीटवर सरकतो. बाकी मी, माझी बायको, वहिनी आणि दादाची दोन पोरं. एकूण सहा माणसं, एक घडीची स्टीलची खुर्ची, एक उशी. हा हिशेब आधी सांगितला, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. तुमच्याकडे चारच माणसं असतील तर कदाचित तुम्हाला यातलं निम्मं लागूच होणार नाही. दोन्ही पर्याय आम्ही करून पाहिले आहेत, एकदा ड्रायव्हरची इनोव्हा क्रिस्टा, नंतर सेल्फ ड्राइव्ह अर्टिगा.

आधी इनोव्हाची बाजू, कारण ती भक्कम आहे. कोल्हापूर ते पुणे रस्त्यावर सहापदरीकरणाचं काम आणि वळवलेले रस्ते पाठ सोडत नाहीत, मग नवले पूल, चांदणी चौक, एक्स्प्रेसवे आणि शेवटी बोरघाट. हे सगळं दुसरा कुणीतरी चालवतोय आणि आपण मागे पोरांशी गप्पा मारतोय, यात मोठं सुख आहे. गाडी मऊ चालते, एसी शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो. पार्कच्या दारात सगळे उतरतात आणि ड्रायव्हर गाडी लावायला निघून जातो. सेल्फ ड्राइव्हमध्ये ते काम माझ्याकडे आलं आणि पार्किंगमधून उन्हात चालत परत येताना मला त्या ड्रायव्हरची आठवण झाली, हे खरं आहे. शिवाय अडचणीच्या जागी दोन हात जास्तीचे मिळतात.

पण हे दोन हात गाडीत एक सीटही घेतात.

इनोव्हात आम्ही सहा आणि ड्रायव्हर सातवा. आमच्या गाडीत मधल्या ओळीला दोन सुट्या सीटा होत्या, त्यामुळे मागची ओळ पूर्ण भरली. ती भरली की तिच्या पाठीमागे बॅगांपुरतीच जागा उरते. घडी केलेली खुर्ची तिथे ना उभी राहिली ना आडवी बसली. मग ड्रायव्हरने नेहमीचा उपाय केला: खुर्ची टपावर, वर ताडपत्री, चारी बाजूंनी दोरी. निघताना यात काही वावगं वाटत नाही. दादाला पुढे बसवलं, अंबाबाईचं नाव घेतलं आणि निघालो.

खरी कटकट सुरू झाली पेठनाक्याच्या पुढे, चहाला थांबल्यावर. दादाला उतरायचं तर ड्रायव्हरने टायरवर पाय देऊन वर चढायचं, गाठी सोडायच्या, खुर्ची खाली द्यायची, मी ती उघडायची, फूटरेस्ट अडकवायचे, उशी ठेवायची, मग दादा सरकणार. चहा झाला की हेच सगळं उलट्या क्रमाने. चहा पाच मिनिटांचा आणि खुर्चीचा कार्यक्रम त्याच्या कितीतरी पट. ड्रायव्हर भला माणूस, एका शब्दाने कुरकुरला नाही. पण दादानेच काच खाली केली आणि म्हणाला, “ऱ्हाऊ दे, मला हितंच आणा.” पुढच्या थांब्यालाही तेच. आम्ही सगळे टेबलावर आणि तो गाडीत, मांडीवर वडापावचा कागद घेऊन.

आणि प्रश्न नुसता चहाचा नसतो. मणक्याला इजा झालेल्या माणसाला थोड्या थोड्या वेळाने बसल्या जागचा भार हलवावा लागतो, लघवीची पिशवी रिकामी करावी लागते, पाणी भरपूर प्यावं लागतं. उतरणं जिकिरीचं झालं की माणूस पहिल्यांदा पाणी कमी करतो. तो ते बोलून दाखवत नाही, आपसूक होतं. पाणी कमी पडलं की मूत्रमार्गाचा संसर्ग किती लवकर गाठतो, हे अशा घरांत वेगळं सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या पुढे दादाची बाटली तशीच भरलेली दिसली आणि माझं मत तिथेच बनलं. मायलेज, आराम, एसी, सगळं त्या बाटलीपुढे दुय्यम.

अर्टिगात ड्रायव्हर मीच, त्यामुळे माणसं सहाच. पुढे दोघं, मधे तिघं, मागे एक. मागची सीट अर्धी अर्धी घडी होते. एका बाजूला धाकटा पुतण्या, दुसरी बाजू पाडलेली आणि तिथे फूटरेस्ट काढलेली खुर्ची उभी. टपावर गेल्या त्या बॅगा. बॅगा मुक्कामाला पोचेपर्यंत कुणाला लागत नाहीत, खुर्ची मात्र दर थांब्याला लागते. मागचं दार उघडायचं, खुर्ची ओढायची, बाजूला नेऊन उघडायची. गाडीतले बाकीचे चपला शोधेपर्यंत दादा बाहेर असायचा. कराडला थांबलो, साताऱ्याला थांबलो, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुन्हा थांबलो. एकदा तर तोच म्हणाला, “थांब जरा, ऊस रस घेऊया.” इनोव्हाच्या प्रवासात हे वाक्य आलंच नव्हतं.

पुतण्याला मागे एकट्याला बसावं लागलं आणि त्याने तक्रार केली, तीही नोंदवतो. शेवटच्या सीटवर मोठ्या माणसाने तीनशे किलोमीटर बसू नये असं माझंही मत आहे.

आता अर्टिगाबद्दलची मुख्य अट. गाडी पेट्रोलची हवी. भाड्याला मिळणाऱ्या बऱ्याच अर्टिगा सीएनजीच्या असतात, मालकाला तेच परवडतं. पण सिलिंडर असतो डिकीत, शेवटच्या सीटच्या पाठीमागे. सीट पाडली तरी तो उंचवटा राहतोच आणि खुर्ची त्याच्यावर तिरकी बसते. एजंटाला फोनवर विचारलं तर “डिकी हाय की, मोठी हाय” एवढंच उत्तर मिळतं. म्हणून डिकीचं विचारू नका, इंधनाचं विचारा. पेट्रोलला खर्च जास्त येतो, तो सोसायचा.

सीटची उंची हा दुसरा मुद्दा आणि इथे मला वाटतं लोक उलटं समजतात. उंच गाडी म्हणजे बसायला सोपी, हे गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ठीक आहे, कारण तिला वाकावं लागत नाही. खुर्चीतून सरकणाऱ्या माणसाला दोन्ही सीटा एका पातळीत हव्या असतात. इनोव्हाची सीट दादाच्या खुर्चीपेक्षा चांगलीच वर, म्हणजे दरवेळी चढावर सरकायचं आणि सगळा भार खांद्यांवर. अर्टिगाची सीट जवळपास बरोबरीला येते, खुर्ची आणि सीटच्या मधे सरकायची फळी लावली की काम झालं. मी टेप लावून मोजलेलं नाही. दादाच्या तोंडावरून सांगतोय. खांद्यांचा विचार यासाठीही करायचा की पार्कमध्ये प्रत्येक राईडला पुन्हा खुर्चीतून राईडच्या सीटवर जायचं असतं. नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरचा विषय आम्ही काढलाच नाही, पण पोरांना राजासॉरसची पाण्यातली राईड हवीच होती आणि दादाला पोरांबरोबर जमेल तिथे जमेल तेवढं बसायचं होतं. ती ताकद गाडीत चढउतार करण्यात का घालवायची?

सीट कव्हरबद्दल एक बारीक गोष्ट. टुरिस्ट गाड्यांत रेक्झिन आणि त्यावर पांढरा टॉवेल अशी जोडी असते. फळीवरून सरकताना तो टॉवेल माणसाबरोबर सरकतो आणि तोल जातो. गाडी कुठलीही असो, पुढच्या सीटवरचा टॉवेल आधी काढून टाका.

वळणांवर आपण चालवत असल्याचा फायदा मला फार जाणवला. ज्याच्या कमरेत पकड नाही तो माणूस वळणावर एका बाजूला कलतो, पट्टा बांधलेला असला तरी. परतीला पुण्याकडून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागला, तिथे मी दादाच्या हाताकडे बघत गाडी चालवत होतो. त्याने वरचा दांडा धरला की वेग कमी. अनोळखी ड्रायव्हरला हे सांगता येतं, तो ऐकतोही, पण प्रत्येक वळणाला सांगायला संकोच होतो. याची दुसरी बाजूही आहे. पार्कमध्ये दिवसभर खुर्ची ढकलून दुसऱ्या दिवशी तीनशे किलोमीटर चालवणं सोपं नाही. आमच्याकडे बायकोही गाडी चालवते, म्हणून निभावलं. घरात एकच चालवणारा असेल तर मी आग्रह करणार नाही.

पैशांचं थोडक्यात. ड्रायव्हरच्या गाडीला बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. आपलं जाणं-येणं ६००च्या आसपास, पण तीन दिवसांचं बिल होतं ९००चं. मधल्या दिवशी गाडी पार्किंगमध्ये उभी आणि मीटर चालू. वर ड्रायव्हरचा भत्ता, त्याची राहायची सोय, टोल, पार्किंग. सेल्फ ड्राइव्हला दिवसाचं भाडं ठरलेलं, पेट्रोल आपलं, पण डिपॉझिट अडकतं आणि परत देताना ओरखड्यांवरून वाद होऊ शकतो. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवला की बराचसा वाद मिटतो. एकूण हिशेबात मला अर्टिगा स्वस्त पडली, पण डोळे दिपावेत इतकी नाही. फक्त पैशासाठी म्हणून मी तिची शिफारस करणार नाही.

एक ठिकाण मात्र टाळा. आपल्याकडे ओळखीतून पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणारे खूप आहेत. “भावा, घरचीच गाडी हाय, घेऊन जा.” सेल्फ ड्राइव्हच्या परवान्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. खासगी गाडी भाड्याने दिलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दादासारखा प्रवासी बरोबर असताना ही जोखीम मला तरी परवडणारी वाटत नाही.

रेल्वेचाही विचार झाला होता. पुण्याची वंदे भारत २०२४ मध्ये सुरू झाली, तिच्यात व्हीलचेअरसाठी जागा आणि मोठं स्वच्छतागृह आहे आणि पुण्यापर्यंतचा प्रवास त्या मानाने फार सुखाचा. पण सुरू झाली तेव्हा ती आठवड्यातून तीनच दिवस होती, त्यामुळे सहल तिच्या वेळापत्रकाला बांधावी लागते. आणि पुण्यापासून पुढे खोपोलीपर्यंत टॅक्सी लागतेच. ती बहुधा सीएनजीची. म्हणजे फिरून फिरून सिलिंडरपाशीच.

टोलबद्दल बरेच जण विचारतात. राष्ट्रीय महामार्गावरची सवलत दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला आहे, नुसतं दिव्यांग माणूस गाडीत आहे म्हणून ती मिळत नाही. भाड्याच्या गाडीला किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर सगळीकडे पूर्ण टोल, फास्टॅगमधून. ओळखपत्र दाखवून नाक्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आता इनोव्हा कुणी घ्यावी ते. ज्या माणसाला दोघांनी उचलूनच बसवावं लागतं, तिथे ड्रायव्हरचे हात सोन्याचे. तिथे सीटची उंचीही थोडी कमी महत्त्वाची, उलट उचलणाऱ्यांची कंबर वाचते. एकूण माणसं चारच असतील तरीही इनोव्हा उत्तम, कारण मागची ओळ जवळजवळ मोकळी राहते आणि खुर्ची आत येते. माझा आक्षेप गाडीला नाही, टपावरच्या खुर्चीला आहे. सहाजणांत दोघं चालवणारे असतील आणि खुर्चीवरचं माणूस स्वतः सरकणारं असेल तर मात्र मी पेट्रोल अर्टिगाच सांगेन.

मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत पेट्रोलच्या गाड्या आधी संपतात, तेव्हा दोन-तीन आठवडे आधी बोलून ठेवा. ॲडव्हान्स देण्यापूर्वी खुर्ची आणि खुर्चीवरचं माणूस दोघांना घेऊन एजंटाच्या दारात जा. एकदा आत सरकून बघू दे, एकदा बाहेर. मागची अर्धी सीट पाडून खुर्ची उभी करा आणि दार लावून बघा. एजंट घाई करेल, “लागतंय ओ दार” म्हणेल. आपल्या हाताने लावून बघा.