तेरा इंची फुटला आणि जुन्या अकरा इंचीवर पाच आठवडे काढले

रात्री साडेअकराला प्रुफं वाचता वाचता डोळा लागला आणि तेरा इंची आयपॅड प्रो (एम४ चिपचा) हातातून निसटून पलंगाखाली पडला, तोही नेमका कोपऱ्यावर. वरच्या डाव्या कोपऱ्यातून दोन तडे निघाले, त्यातला एक थेट पानाच्या मधोमध आला. टच चालू होता, चित्र दिसत होतं, पण तड्याखाली आलेला प्रत्येक अनुस्वार जोडीने दिसायला लागला. मी मुद्रितशोधन करते. अनुस्वार आहे की नाही हे बघणं हेच माझं काम, त्यामुळे तसाच वापरत राहणं शक्यच नव्हतं.

दुरुस्तीला टाकला. काउंटरवर सांगितलं, नुसती काच बदलू, आठवड्यात मिळेल. मी तिथेच म्हटलं की प्रोमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, मधे हवेची फट नसते, त्यामुळे नुसती काच बदलणं इतकं सोपं नाही. "आम्ही रोज करतो मॅडम," असं उत्तर आलं. चार दिवसांनी फोन आला: काच वेगळी निघत नाही, पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल, खर्च वाढेल, पॅनेल यायला वेळ लागेल. जे मी पहिल्या दिवशी सांगत होते तेच मला नव्याने सांगितलं गेलं. वाढीव आकडा तोंडी मान्य करायला मी नकार दिला, तो कागदावर यायला आणखी एक आठवडा गेला. सगळे मिळून पाच आठवडे. प्रोची स्क्रीन फुटली तर काय बदलणार हे आधी लेखी घ्या आणि मगच आयपॅड त्यांच्या ताब्यात द्या.

काम मात्र थांबणार नव्हतं. कपाटातून २०१८ चा अकरा इंची काढला, चार्जिंगला लावला, अपडेट केला. आयपॅडओएस २६ त्याच्यावर बिनतक्रार चढलं. (२०१५ चा माझा पहिला १२.९ इंची आयपॅडओएस १६ वर थांबला, २०१७ ची मॉडेलं १७ वर. २०१८ चे अजून रांगेत आहेत.) त्या पाच आठवड्यांत माझी दोन पक्की मतं हलली, म्हणून हे लिहायला बसले.

स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात. मला बोलायचंय ते वजनाबद्दल.

मोठ्या प्रोची वजनं पिढीनुसार बघा, सगळी वायफाय मॉडेलची: २०१५ ला ७१३ ग्रॅम, २०१७ ला ६७७, २०१८ ला ६३१, २०२० ला ६४१, आणि २०२१ ला एम१ मॉडेलमध्ये मिनी एलईडी (मागून बारीक दिव्यांनी उजळणारी स्क्रीन) आल्यावर परत ६८२. २०२२ च्या एम२ लाही तेच. मग २०२४ ला एम४ चा तेरा इंची एकदम ५७९ वर आला. लहान मॉडेल मात्र एवढ्या वर्षांत जवळपास जागचं हललं नाही: १०.५ इंची ४६९, २०१८ चा अकरा इंची ४६८, एम१ आणि एम२ चे ४६६, एम४ चा ४४४.

मी एम१ च्या १२.९ वरून एम४ च्या तेरावर आले तेव्हा हे शंभर ग्रॅम कमी झाले म्हणून हरखले होते. ओळखीच्या दोघींना तर सांगूनही टाकलं की आता लहान घ्यायचं कारणच उरलं नाही, मोठाही हातात धरून वाचता येतो. हे मत मी आता मागे घेते.

आयपॅड उभा धरून एका हाताने वाचताना आपण त्याला लांब कडेला पकडतो. त्याचं वजन मनगटाच्या वर नसतं, ते कडेपासून अर्ध्या रुंदीवर लोंबत असतं. तेरा इंचीची रुंदी साडेएकवीस सेंटिमीटर, म्हणजे वजनाचा मध्य पकडीपासून पावणेअकरा सेंटिमीटरवर. अकरा इंचीत तो नऊ सेंटिमीटरच्याही आत. गुणाकार केला तर वजनातला फरक जेमतेम पाव, पण मनगटावर येणारा पीळ दीडपट. एम१ च्या १२.९ चा हिशेब याच रीतीने पावणेदोन पट येतो. दुकानात दोन मिनिटं हातात घेऊन हे कळत नाही. तिसाव्या मिनिटाला कळतं, अंगठ्याच्या मुळाशी. माझा आयपॅड झोपेमुळे पडला हे खरं, पण त्याआधी तासभर मी तो एकदा या हातात, एकदा त्या हातात करत होते.

अकरावर पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या कामाची बसण्याची पद्धत बदलली. पोटावर उशी घेऊन त्यावर आयपॅड टेकवायचा माझा खटाटोप आपोआप बंद झाला. मनगटाला बांधायचा पट्टा ड्रॉवरमध्ये गेला.

आता पानाबद्दल, कारण हातात हलका आहे म्हणून पान वाचता येतंच असं नाही.

सगळ्या प्रोंच्या स्क्रीनवर इंचाला २६४ पिक्सेल आहेत, पहिल्या पिढीपासून. म्हणजे अक्षराची धार सगळीकडे सारखीच, फरक पडतो तो पान किती लहान होऊन बसतं याचा. ए४ चं पूर्ण पान तेरा इंचीवर मूळच्या सुमारे ८९ टक्के आकारात बसतं, अकरा इंचीवर ७६ टक्के. बारा पॉइंटचा मजकूर तेरावर साधारण पावणेअकरा पॉइंटचा दिसतो, अकरावर नऊचा. रोमन लिपीला नऊ पॉइंट चालून जातात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असे मजले असतात, आणि नऊ पॉइंटला वरचा मजला दाटतो. 'वर्षांत' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात. तेरावर मला दोन्ही वेगळे दिसतात. अकरावर प्रत्येक वेळी दोन बोटांनी पान मोठं करावं लागलं, आणि मोठं केलं की ओळीचं टोक बाहेर जातं. ए४ च्या गॅल्यांवर (पानं पाडण्याआधीच्या प्रुफांवर) अकराने माझा वेग पडला, यात शंका नाही.

पण माझ्याकडे येणाऱ्या कामात निम्म्याहून जास्त पुस्तकं डेमी किंवा ए५ च्या आसपासची असतात. आणि ए५ पान, १४८ बाय २१० मिलिमीटर, अकरा इंचीवर शंभर टक्के आकारात बसून वर समास उरतो. पुस्तक छापून आल्यावर जेवढं दिसणार तेवढंच. हे मला कधी सुचलंच नव्हतं, कारण मोठा आयपॅड आहे म्हणून मी ते पान ताणून स्क्रीनभर करत होते आणि ताणलेल्या पानावर वाचत होते. खऱ्या आकारात वाचल्यावर वेगळ्याच चुका हाती लागल्या: ओळींमधलं अंतर एका पानावर किंचित जास्त, एका प्रकरणाचा टाइप अर्ध्या पॉइंटने लहान. मोठं करून वाचताना हे नजरेतून निसटत होतं. म्हणजे इतकी वर्षं 'प्रुफं वाचायला मोठाच हवा' हे जे मी म्हणत आले, ते ए४ पुरतं खरं होतं.

रात्रीच्या वाचनात स्क्रीनच्या जातीचा प्रश्न येतो. २०२१ पासून २०२४ पर्यंत आकार निवडताना नकळत स्क्रीनही निवडली जायची: मोठ्याला मिनी एलईडी, लहानाला साधा एलसीडी. मी एम१ चा १२.९ मिनी एलईडीच्या मोहाने घेतला होता. त्याच्या मागच्या प्रकाशाचे २५९६ भाग आहेत. ऐकायला भरपूर वाटतात, पण पिक्सेल साधारण छप्पन्न लाख, म्हणजे एका भागात दोन हजारांहून जास्त. मोजून पाहिलं तर एक भाग साधारण साडेचार मिलिमीटरचा चौकोन, जवळजवळ मजकुराच्या एका ओळीएवढा. सिनेमात याचा त्रास नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं लावून अंधारात वाचलं की प्रत्येक ओळीभोवती राखाडी धूसर पट्टा दिसतो, आणि पानाच्या तळाशी एकट्या पडलेल्या पृष्ठांकाभोवती तर छोटं वलयच. वाचताना पृष्ठांकाकडे नजर वारंवार ओढली जायची. दिवसा हे अजिबात नाही. अंधारात वाचणाऱ्याने जुना मिनी एलईडी घेताना हे डोळ्यांनी बघून घ्यावं.

एम४ मध्ये ओलेड आला, दोन थर एकावर एक, आणि दोन्ही आकारांना एकच. प्रत्येक पिक्सेल स्वतःचा उजेड स्वतः देतो, त्यामुळे काळं ते पूर्ण काळं आणि वलय गेलं. मोठी गोष्ट ही की आता आकार फक्त आकार म्हणून निवडता येतो. २०१८ च्या अकराचा एलसीडी अंधारात काळ्याऐवजी गडद राखाडी दिसतो, पण सगळीकडे एकसारखा. मला वाटलं होतं एम४ नंतर तो बघवणार नाही. तिसऱ्या दिवसापासून लक्षातही राहिलं नाही. पसरट राखाडी डोळ्यांना सवयीचा होतो, अक्षराला चिकटलेला उजेड होत नाही, एवढाच माझा निष्कर्ष.

चिपबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अकरातली ए१२एक्स आणि तेरातली एम४ यांत कागदावर जमीन-अस्मानाचा फरक असेल, पीडीएफवर खुणा करताना तो दिसत नाही. फरक दिसतो तो मेमरीत. माझ्या अकरात चार जीबी आहेत, तेरात आठ. चारशे पानांची स्कॅन केलेली फाइल उघडी ठेवून ब्राउझरमध्ये शब्दकोश बघायला गेले आणि परत आले की अकरावर फाइल पुन्हा लोड होते, दोन-तीन सेकंद पान कोरं. दिवसातून शंभरदा झालं की चीड येते. जुना घ्यायचा विचार असेल तर चिपच्या नावापेक्षा मेमरीचा आकडा आधी विचारा. कॅमेरे, लायडार, स्पीकर यांवर मी काही लिहीत नाही, माझ्या कामात ते आलेच नाहीत. चकाकी कमी करणारी नॅनो टेक्श्चर काच मला हवी होती, पण ती फक्त १ टीबी आणि २ टीबीला मिळते. माझं सगळं काम अडीचशे जीबीत मावतं, काचेसाठी चौपट जागा विकत घेणं मला पटलं नाही.

राहिली स्क्रीनवर खुणा करायची ॲपलची पेन्सिल. या सगळ्यात मला खरोखर सलते ती हीच.

पहिली पेन्सिल २०१५ ते २०१७ च्या प्रोंना. मागची टोपी काढून आयपॅडच्या बुडात खोचायची, पंधरा सेकंदांत अर्धा तास चालायची, आणि ती टोपी हमखास हरवायची. दुसरी २०१८ ला आली, कडेला चुंबकाने चिकटते आणि तिथेच चार्ज होते. २०२२ पर्यंतच्या सगळ्या प्रोंना ती चालली आणि मी तिच्यावर अतिशय खूश होते. एम४ मध्ये पुढचा कॅमेरा त्याच लांब कडेवर आला, पेन्सिल चार्ज करण्याची आतली रचना बदलली आणि दुसरी पेन्सिल बाद. पेन्सिल प्रो घ्या, किंवा यूएसबी-सी वाली घ्या, जिला दाब कळत नाही. मुद्रितशोधनाच्या खुणांना दाब कळायला हवा, नाहीतर खोडलेली रेघ आणि घातलेली वेलांटी एकाच जाडीची येते.

एम१ विकताना दुसरी पेन्सिल मी त्याच्यासोबत देऊन टाकली होती, आता तिचा उपयोग काय म्हणून. अकरा काढला तेव्हा हातात पेन्सिल प्रो होती आणि ती अकरावर रेघही ओढत नाही. वापरलेली दुसरी पेन्सिल शोधून घ्यावी लागली. एकाच कामासाठी चौथी पेन्सिल. टोक झिजलं तर बदलता येतं, बॅटरी सोडली तर पेन्सिलीत झिजण्यासारखं काही नाही, चांगली पाच-सहा वर्षं टिकणारी वस्तू आहे. ती पिढीबरोबर टाकावी लागते याचं मला वाईट वाटतं. पेन्सिल प्रोमधलं दाबून पर्याय उघडणं सोयीचं आहे, आठवड्यात सवय लागते. पण तेवढ्यासाठी मी दुसरी स्वतःहून बदलली नसती. म्हणून विकताना पेन्सिल सोबत देऊ नका.

तेरा दुरुस्त होऊन आला त्याला आता महिना झाला. नवा डिस्प्ले ठीक आहे, रंगात फरक दिसत नाही. आधी ठरवलं होतं की तो आला की अकरा काढून टाकायचा. ठेवला. तेरा आता टेबलावर स्टँडमध्ये उभा असतो, ए४ च्या गॅल्या आणि शेजारी शब्दकोशाची खिडकी त्याच्यावर. कीबोर्डचं कव्हर लावलं की तो एक किलोच्या पुढे जातो, त्यामुळे तसाही तिथून हलवावासा वाटत नाही. पुस्तकांची पहिली फेरी आणि रात्रीचं सगळं वाचन अकरावर. एकच घेणं शक्य असतं तर? त्या पाच आठवड्यांआधी डोळे झाकून तेरा म्हटलं असतं. आज ए४ ची कामं सोडावी लागली तरी एम४ चा अकरा घेईन, ४४४ ग्रॅमचा. एम५ आलाय, पण आकार-वजन तेच आहे, एम४ वाल्यांनी धावायची गरज मला दिसत नाही.

दोन्ही पेन्सिली पांढऱ्या, लांबी सारखीच, जाडीही सारखीच. टेबलावर शेजारी ठेवल्या की ओळखू येत नाहीत. प्रोच्या मागच्या टोकाला मी लाल दोऱ्याचे चार वेढे दिलेत.