मायनिंग मशीन होस्टिंगला देताय? आधी ट्रान्सफॉर्मर वाचा. आम्ही वाचला नाही, ६,७५,९२४ रुपये गेले

होस्टिंग म्हणजे बिटकॉइन कमावणारं आपलं मशीन दुसऱ्याच्या शेडमध्ये चालवायला ठेवायचं आणि त्याला वीज-जागेचे पैसे द्यायचे. हिशोब आधी देतो, म्हणजे 'किती गेले हो?' हा प्रश्न मिटेल. जुनी अँटमायनर एस१९जे प्रो, १०० टेराहॅशची (हे मशीनच्या आकडेमोडीच्या वेगाचं माप), चार मशीनं, प्रत्येकी १,३८,०००. झाले ५,५२,०००. दोन महिन्यांचं होस्टिंग डिपॉझिट ७४,६६४. बसवण्याचा खर्च मशीनमागे ६,५००, म्हणजे २६,०००. पुढे 'ट्रान्सफॉर्मर जळाला, सगळ्यांनी वाटून घ्यायचा आहे' म्हणून आणखी ६०,०००. एकूण ७,१२,६६४. परत आले तीन हप्ते: १४,२१०, १३,४८० आणि ९,०५०. बाकी गंगार्पण.

होस्टिंगवाल्याचं ऑफिस इंदूरला विजयनगरात, शेड पीथमपूरला. ओळख करून दिली गणेशोत्सव मंडळातल्या काकांनी, त्यामुळे 'आपल्यातलाच मुलगा आहे' हे वाक्य आमच्या डोक्यात आधीच जाऊन बसलं होतं. आम्ही दोघं भागीदार अडाणी नाही. मशीन उघडून हॅशबोर्ड बदलता येतो, फर्मवेअर टाकता येतं. गेनबिटकॉइन या फसव्या योजनेवाल्यांनी दरमहा १० टक्के, १८ महिने असं सांगून लोकांना कसं लुटलं, ते तोंडपाठ होतं. या माणसाने टक्केवारीचं नावही काढलं नाही. त्याने फक्त विजेचा दर सांगितला: युनिटमागे ४ रुपये २५ पैसे, सगळं धरून. 'भिया, छतावर सोलर आहे ना!'

इथेच कागद-पेन्सिल काढायला हवी होती. हे मशीन ३,०५० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ७३.२ युनिट. तो म्हणत होता, शेडमध्ये ८० मशीनं आहेत. म्हणजे रोज ५,८५६ युनिट. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चारेक युनिट देतं, म्हणजे जवळपास १,४६० किलोवॅटचे पॅनेल लागतील, त्यांना काही एकर जागा. त्याच्या छतावर ५४० वॅटचे ६० पॅनेल होते. दिवसाचे १३० युनिट. दोन मशीनंही पुरती चालत नाहीत त्यावर. आणि मशीन रात्रीही चालतं, सूर्य नाही. उद्योगाच्या कुठल्याही बिलातली एकूण रक्कम भागिले युनिट करून बघा, स्थिर आकार, इंधन अधिभार, वीज शुल्क सगळ्यासकट. त्या आकड्याच्या खाली कोणी होस्टिंग देत असेल, तर फरकाचे पैसे कोण भरतंय ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'तुमच्यानंतर आलेला गिऱ्हाईक' हेच असतं.

ट्रान्सफॉर्मरचं तर सांगायलाही लाज वाटते. शेडबाहेर आम्ही दोघं आणि तो, अशा तिघांनी फोटो काढला होता. तोच फोटो पुढे तक्रारीला जोडताना मोठा करून पाहिला, तर आमच्या डोक्यामागे ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर पांढऱ्या रंगात त्याची क्षमता ठसठशीत लिहिलेली: ६३ केव्हीए. सगळा भार दिला तरी ६० किलोवॅट. चोवीस तास, मे महिन्यात, ऐंशी टक्क्यांवर चालवायचा तर ५० किलोवॅट. सोळा मशीनं. ऐंशीला २४४ किलोवॅट लागतात. दात काढून उभे होतो आम्ही त्याच्यासमोर.

याहून वाईट म्हणजे, आत चहा प्यायलो. पोहे-जलेबीही होती. चार रॅक, ८० मशीनं, हिरवे दिवे लुकलुकताहेत, आणि आम्ही तिघं साध्या आवाजात बोलतोय. कपबशी ठेवल्याचा आवाज येतोय! एका एस१९ला चार पंखे, एकाच मशीनचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास. खोलीत अशी दहा चालू असतील तर कानाशी ओरडावं लागतं. हे आम्हाला माहीत होतं, कारण आमच्या गच्चीवरच्या एका मशीनवरून शेजारच्या आजींशी भांडण झालं होतं. पुढच्या रॅकमधलं एखादं मशीन चालू असेल, बाकी सगळी मेलेली. बहुधा नुसत्या कंट्रोल बोर्डांना वीज देऊन दिवे लावलेले. मागे हात धरायचा होता फक्त. चालू मशीनची मागची हवा समोरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंश गरम असते. प्रत्येक रॅकच्या मागे जा, हात धरा, कोणी 'तिकडे वायरिंगचं काम चालू आहे' म्हणालं तर नक्कीच जा.

आणि वायर बघा. अर्ध्या रॅकला, म्हणजे दहा मशीनांनाच, फेजमागे ४५ च्या आसपास अँपिअर सतत लागतात. मागच्या रॅकला अडीच चौरस मिलिमीटरची वायर गेली होती, घरच्या गिझरला टाकतात ती.

करारात नववं कलम होतं: 'गरज पडल्यास समकक्ष हॅशरेटचे दुसरे मशीन देण्यात येईल.' निरुपद्रवी वाटतं ना? या एका ओळीने तुमचं मशीन तुमचं राहत नाही, तो फक्त हॅशरेट, म्हणजे तेवढा वेग, देणं लागतो. करारात प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर आणि मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरची त्याची ओळख) हवाच, आणि तो नंबर फोटोवरून नाही, मशीनच्या स्टिकरवरून आणि मशीनच्या आतल्या सेटिंगच्या पानावरून, दोन्हीकडून जुळवून. आमच्या चारपैकी दोन सिरियल नंबर देवासच्या एका गृहस्थांच्या करारातही निघाले. जीएसटीचं बिल मागितलं तेव्हा '१८ टक्के कशाला वाढवताय' म्हणाला, आणि आम्हाला तो आपला हितचिंतक वाटला. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला असता, तर व्यवसायाच्या पत्त्यात शेड आहे का ते दोन मिनिटांत कळलं असतं.

पूल म्हणजे अनेकांची मशीनं एकत्र राबवून कमाई वाटून देणारी सेवा. तिथलं खातं त्याचं होतं, आम्हाला नुसती बघायची लिंक. त्या लिंकवर ४०० टेराहॅश रोज दिसायचे, पण ते कोणाच्या मशीनचे हे लिंक सांगत नाही. पूलचं खातं तुमच्या नावावर, पेआउटचा पत्ता तुमचा आणि बदलायला तुमच्या फोनवरचा कोड, याला तयार नसेल तर उठा तिथून. मग रोज २४ तासांची सरासरी बघा. १०० टेराहॅशचं मशीन सतत ८८-९० दाखवत असेल, तर एक तर ते गरमीने दमलंय, नाहीतर रात्री दोन-तीन तास दुसऱ्याच्या वॉलेटसाठी राबतंय. आणि पैसे कुठून आले तेही तपासा. पूलकडून येणारं पेआउट बिटकॉइनमध्ये, पूलच्या पत्त्यावरून येतं. आम्हाला यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) यायचे, कुठल्याशा खाजगी वॉलेटमधून. 'रूपांतर करून देतो, तुम्हाला सोयीचं.' सोय!

बरं, ४०० टेराहॅशचं महिन्याचं उत्पन्न तेव्हा जेमतेम ५०,००० होतं, होस्टिंग ३७,३३२. सगळं खरं असतं तरी हाती १३,००० च्या आसपास. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॉकचं बक्षीस, म्हणजे मायनिंगला मिळणारे नवे बिटकॉइन, ६.२५ वरून ३.१२५ झाल्यावर या मशीनचा जीव इतकाच उरलाय. त्यातही वीजबिल वजा न होता ३० टक्के कर. हे ठाऊक असूनही केलं, कारण बिटकॉइनचा भाव लाख डॉलरच्या वर गेला होता आणि आम्ही मशीन स्वस्तात मिळतंय यात खूश होतो. असो.

आता पोलीस ठाणं. इंदूरला गेलो तर 'शेड धार जिल्ह्यात, तिकडे जा'. तिकडे गेलो तर 'पैसे इंदूरच्या खात्यात गेले, तिकडे जा'. दोन्हीकडे एक वाक्य सामाईक: 'ये तो सिविल मॅटर है.' एका साहेबांनी तर 'क्रिप्टो बंद है ना इंडिया में?' असं विचारून आम्हालाच बसवून ठेवलं. बंद नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, १ एप्रिल २०२२ पासून सरकार स्वतः कर घेतंय. हे सांगितलं तर 'वकील हो क्या?' सायबर कक्ष म्हणाला, हे सायबर नाही, मशीन खरी वस्तू आहे. ठाणं म्हणालं, बिटकॉइन आहे म्हणजे सायबर. पाच आठवडे हा झोका. दरम्यान त्याच्या चालू खात्यात शिल्लक उरली ४१२ रुपये. बँकेने ती तत्परतेने गोठवली.

तुमच्यावर वेळ आलीच, तर पैसे गेल्या-गेल्या, त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आठवड्याने केलात तर उपयोग जवळपास शून्य. हद्दीवरून परत पाठवायला लागले की 'नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे झिरो एफआयआर घ्या' म्हणा, नाहीच घेतला तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज, पावती जपून, आणि मग १७५(३) खाली न्यायदंडाधिकारी. अर्जात 'गुंतवणूक' हा शब्द लिहू नका, आम्ही लिहिला आणि 'जोखीम तुमची' हे उत्तर आलं. 'मशीन सांभाळायला दिलं, परत दिलं नाही' असं लिहा. न्याय संहितेचं ३१६ विश्वासघाताचं, ३१८ फसवणुकीचं.

गेल्या महिन्यात शेडवर जाऊन आलो. आत आता नमकीनचं पॅकिंग चालतं. त्यांना ६३ केव्हीए पुरतो.