कोळशाच्या वॅगनचं किट: दिवाळी ते गणपती

दिवाळीत माझ्या मॉडेल रेल्वेसाठी ब्रिटनहून कोळशाच्या वॅगनची तीन प्लॅस्टिकची किट मागवली. होळीपर्यंत तिन्ही रुळांवर आल्या. गणपतीत एक पुन्हा टेबलावर आली, तिचं पोट सुटलं म्हणून.

ही ब्रिटिश रेल्वेची १६ टनी लोखंडी मिनरल वॅगन. अशा दोन लाखांहून अधिक बनल्या. चार चाकं, उघडी पेटी, बाजूंना दारं आणि एका टोकालाही दार. बंदरावर वॅगन तिरकी केली की त्या दारातून कोळसा खाली. दार कुठल्या टोकाला आहे हे लांबून कळावं म्हणून बाजूवर पांढरा तिरका पट्टा असायचा. पहिल्या वॅगनला मी तो उलटा चिकटवला. पाहुण्यांना कळत नाही, मला रोज दिसतो.

माप ओओ, म्हणजे फुटाला ४ मिमी. या हिशोबाने रुळांमधलं अंतर १८.८३ मिमी हवं, पण ओओचे रूळ १६.५ मिमीचे. हा घोळ जुनाच. भोगतात ते ब्रेकचे गुटके: चाकासमोर यायचे ते बाहेरच्या अंगाला लोंबतात. मागून कानस मारून ते आत सरकवले. जास्त सरकवले तर चाकाला घासतात, हेही करून पाहिलं.

पेटी एका संध्याकाळी उभी राहते, भाग नेमके बसतात, कडेचे पापुद्रे थोडेच. खरी परीक्षा खालच्या सांगाड्याची. माझ्या पहिल्या वॅगनचं एक चाक कायम अधांतरी, सांध्यावर हटकून घसरायची. पुढच्या दोन्ही काचेवर ठेवून, गुण्या लावून, सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा गोंद) ओलं असतानाच चारही चाकं टेकवून घेतल्या. चाकं आणि आसांसाठीच्या पितळी टोप्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. जाहिरातीतल्या फोटोत मात्र चाकं दिमाखात होती.

रंगकाम सगळ्यात मजेचं. आधी गंजाचा तपकिरी, त्यावर ओलसर मीठ, वर करडा. वाळल्यावर मीठ चोळून काढलं की गंजाचे पोपडे अगदी खरे वाटतात. (खऱ्या वॅगनवर करडा म्हणजे व्हॅक्यूम ब्रेक, इंजिनातून लावता येणारे, नसलेली वॅगन.) मॅट वार्निश मात्र पुण्याच्या पावसाळ्यात मारू नका, पांढुरकं पडतं. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणून कुटला. तो लोणारी, त्याला दगडी कोळशाची चकाकी नाही, चालवून घेतो.

आता ते पोट. नुसती प्लॅस्टिकची वॅगन फार हलकी, म्हणून सुमारे ५० ग्रॅम भरेपर्यंत तळाशी शिशाचे छर्रे ओतले आणि लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने बसवले. गोंदातल्या आम्लाने शिसं हळूहळू पांढरं होऊन फुगलं आणि तळ वर उचलला गेला. पूर्वी सफेदा बनवायचे तो साधारण याच रीतीने, शिशाला शिर्क्याची वाफ देऊन. माझ्या वॅगनने तो फुकटात बनवला.

बाकी दोघींत लोखंडी वॉशर आहेत, इपॉक्सीने चिकटवलेले. त्या सरळ आहेत. तिसरीचा तळ कापायला घेतलाय.