आबांची बुलेट, घरची पडवी : आठ महिने आणि सहा हजार किलोमीटर

आमची बुलेट १९९४ची. ३५० सीसी, ओतीव लोखंडी सिलिंडर, गिअर उजव्या पायात. आबांनी ती नवी घेतली होती, वीस-बावीस वर्षं रोज चालवली आणि गुडघे दुखायला लागल्यावर पडवीत ताडपत्रीखाली उभी केली. गेल्या दिवाळीनंतर मी ती खोलायला घेतली आणि फेब्रुवारीत पासिंग करून रस्त्यावर आणली. आता ऑक्टोबर आहे. ६,२०० किलोमीटर झालेत : कोल्हापुरात रोज कसबा बावडा ते शिरोली एमआयडीसी, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा आणि चार वेळा गगनबावडा. काम संपल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच झकास वाटतं, म्हणून एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा जाऊ दिला, मग लिहायला बसलो.

मला गाडी पळवायची नव्हती. १८ हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडून तशी अपेक्षाही नाही. आजच्या पेट्रोलवर, आजच्या गर्दीत ती रोज बिनघोर चालावी, एवढंच हवं होतं. तरी सुरुवातीला माझी यादी नव्या वस्तूंचीच होती. सिलिंडर घेऊन उद्यमनगरात गेलो तेव्हा लेथवर बसलेले मिस्त्री म्हणाले, "पोरा, आधी झीज काढ. झिजलेल्या मशिनवर नवा पार्ट घातलास तर त्यो बी झिजल्यागतच चालतोय." त्यांचं ऐकलं. या गाडीवर केलेल्या कामांपैकी सगळ्यात जास्त फरक त्याच कामाने पडला.

बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) मूळचे ७० आणि ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. बोअर वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) मोठा करून नवा पिस्टन बसवला. हिशेबाने ते ३५१ सीसी होतात, पण पाच सीसीने काही वाढत नाही. वाढलं ते कॉम्प्रेशन. पूर्वी किकवर नुसतं उभं राहिलं तरी ती हळूहळू खाली जायची, आता अंगाचा भार पेलून धरते. रॉकरचे बुश, व्हॉल्व्ह गाइड, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश आणि हँडलचे बॉल रेसर बदलले. चिमट्याच्या बुशांना फार पैसे लागले नाहीत, पण पन्हाळ्याच्या वळणांवर मागचं चाक वेगळ्याच वाटेने निघाल्यासारखं व्हायचं, ते पूर्ण थांबलं. मी तर आधी टायरलाच दोष देत होतो. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, या इंजिनात फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लागत नाही. इंजिन थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये. हे पडवीत बसून दर महिन्याला मीच बघतो.

आता ब्रेक. पुढच्या चाकाला जुना सहा इंची ड्रम होता. त्याजागी ५०० सीसी बुलेटला यायचा तो सात इंची, दोन कॅमचा ड्रम बसवला. यात दोन्ही लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढले जातात, त्यामुळे पकड खूपच वाढते. पण नुसता बसवून भागत नाही. दोन कॅमना जोडणारा जो रॉड असतो, त्याची लांबी अशी जुळवावी लागते की दोन्ही लायनर एकाच क्षणी ड्रमला टेकतील. मी हे तीन वेळा चुकवलं. ड्रम लेथवर घेतला, लायनरही त्याच गोलाईत घेतले, तेव्हा कुठे करूळ घाट उतरताना बोटांत विश्वास आला. याची एक खोड मात्र आधी माहीत असावी. चढावर थांबून गाडी मागे सरकायला लागली की हाच ब्रेक कमजोर पडतो, कारण उलट्या दिशेला दोन्ही लायनर ढकलले जातात. जोतिबाच्या चढावर चैत्र यात्रेच्या गर्दीत हे कळलं आणि घाम फुटला. तेव्हापासून चढावर मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर.

पॉइंट (प्लगला ठिणगी देण्यासाठी उघड-मीट करणारा जुना स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं, त्याबद्दल माझं मत अजून पूर्ण बनलेलं नाही. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचा, पावसात ओल धरली की पॉलिश पेपर मारायचा, ही कटकट गेली. गार सकाळी दुसऱ्या किकला गाडी चालू होते. पण पहिलं किट मे महिन्यात गगनबावड्याच्या वाटेवर एकदम बंद पडलं. ना फटका, ना इशारा. पॉइंट खराब होताना आधी चार दिवस सांगतात, हे सांगत नाही. त्यात निम्मी चूक माझी होती : चेसिसची अर्थ वायर गंजलेली होती आणि किटला पुरेसा व्होल्टेज मिळत नव्हता. आता बॅटरीपासून थेट इंजिनला वेगळी अर्थ ओढली आहे आणि दुसरं किट पाच महिने बिनतक्रार चालू आहे. तरी आबांची पॉइंट प्लेट, कंडेन्सरसकट, टूलबॉक्समध्ये असतेच.

याच किटमुळे एक गोष्ट गेली, तिचं मला खरंच वाईट वाटतं. आबांनी मला गाडी चालू करायला शिकवली ती अँपिअर मीटरच्या काट्यावर. किक हळू दाबायची. पॉइंट जुळलेले असले की काटा मायनसकडे जातो, ते उघडले की मध्यावर येतो. तिथे डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून पिस्टन जरासा पुढे न्यायचा आणि मग एकच किक. माझ्या किटमध्ये काटा तसा हलत नाही. गाडी पहिल्यांदा चालू केली तेव्हा आबा खुर्ची घेऊन पडवीत बसले होते. ते काट्याकडेच बघत होते.

पेट्रोलकडे जरा नीट लक्ष द्या, विशेषतः कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचा त्यात वाटा आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. माझा प्लग पांढरा पडत होता. मेन जेट एक नंबर मोठा घातला, आता तो विटकरी रंगाचा येतो आणि चढावरची कुरकुर थांबली. पेट्रोलची नळी जुन्या रबराची होती, ती फुगून मऊ झाली. इथेनॉलला टिकणारी घातली. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो. जुलैत आठवडाभर पाऊस लागून राहिला तेव्हा विसरलो होतो, नंतर वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसला. मायलेज ३० ते ३२ पडतंय.

हेडलाइटला लावलेला एलईडी दिवा मात्र काढून टाकला. वीज कमी खातो हे खरं, सिग्नलला उभं असताना काटा मायनसला जात नाही. पण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड चहूकडे फाकतो. मार्चमध्ये उसाच्या ट्रॉल्या चालू असताना समोरचे ट्रॅक्टरवाले हात करून ओरडायचे, त्यांचं काही चुकत नव्हतं. आणि भर पावसात ओल्या डांबरावर तो पांढरा उजेड कुठे जातो तेच कळत नाही. परत हॅलोजन लावला. पिवळ्या उजेडात रस्त्याचा खड्डा निदान खड्ड्यासारखा दिसतो.

पुढचं स्प्रॉकेट १६ दात्यांचं होतं, १७ घातलं. कागलकडे हायवेला साठच्या वेगात इंजिन शांत चालतं. गावात आणि चढावर मात्र एक गिअर आधी खाली यावं लागतं. मला चालतंय, मागे कायम कोणी बसणार असेल तर करू नका. सायलेन्सर मूळचाच ठेवला. मोठ्या आवाजाचा घाल म्हणून मित्रांनी फार सांगितलं, पण मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलंय. आणि शेजारी तान्हं बाळ आहे.

ऑइल दर दीड हजार किलोमीटरला बदलतो, २०डब्ल्यू५०, सोबत फिल्टरही. टायमिंग कव्हरच्या खालून थेंब-थेंब गळती अजून आहे. पॅकिंग दोनदा बदलून झालं, दोन्ही वेळा महिनाभर बरं राहिलं. आता कव्हर काढून उद्यमनगरात नेणार आहे, त्याचा पृष्ठभागच सपाट नसावा असं मिस्त्रींचं म्हणणं आहे. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ते उरकायचं आहे, कारण आबांना मागे बसून एकदा पन्हाळ्याला यायचंय.